दोन सोनगीरवाल्या

डेअरीच्या फोनवरच्या मुलीनं माझी शेजारीण मयत आहे असं सांगितलं, तेव्हा शेजारीण माझ्या ओट्यावर बसून पदरानं वारा घेत होती. फोन माझ्या हातात होता, आवाज मोठा केलेला होता, त्यामुळं तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"सदस्य मयत असल्यामुळे गुरांच्या डॉक्टरांची सेवा बंद आहे," मुलगी म्हणाली. "आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत."

"कोन मरी गयं?" शेजारणीनं मला विचारलं.

"तू," मी म्हटलं.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन ओरडली, "ओ बाई, मी जित्ती शे! मन्ही गाय व्यावाले ऊनी शे!" मुलीनं पुन्हा एकदा दुःखात सहभाग दाखवला आणि फोन ठेवला.

मग माझी पाळी आली. "तुम्हीन माले मारी टाकं, दाजी. तुमची गेली ती गेली, माले कशाला तिच्यासंगे धाडलं?"

मला हसूही आलं नाही आणि रागही आला नाही. बायको गेल्यापासून माझं असंच होतं. कुणी काही बोललं की ते कानात पडतं, पण आत पोचायला वेळ लागतो.

आमच्या गावात सुनेला नावानं हाक मारत नाहीत. ती ज्या गावाहून आली त्या गावाची ती. माझी बायको सोनगीरची, म्हणून आली त्या दिवसापासून सोनगीरवाली. पुढं बऱ्याच वर्षांनी शेजारच्या घरात सून आली, तीही सोनगीरची. मग लोकांनी एकीला थोरली केलं, दुसरीला धाकटी. दोघींचं घराणं वेगळं, आळी वेगळी, नात्यागोत्याचा संबंध नाही. पण एका माहेरच्या दोन बायका एका गावात पडल्या की त्या बहिणी होतात. कुणाला विचारावं लागत नाही. माझी बायको तिची अक्का झाली आणि मी दाजी झालो. मी काही केलं नाही त्यासाठी. आज तिचा नवरा असता तर मी त्याला साडू म्हटलं असतं. तो लवकर गेला. मुलगा-सून सुरतला साड्यांच्या कारखान्यात. घरात ती आणि गाय.

मी पण बायकोला नावानं हाक मारली नाही कधी. "ऐकलं का" म्हटलं की ती यायची. मृत्यूच्या दाखल्यावर तिचं नाव छापून आलं ते मी दवाखान्यात वाचलं, तेव्हा ही कुणाची बाई असं क्षणभर वाटलं. ताप आला, मग दम लागला, अमळनेरहून धुळ्याला नेली, आणि परत आणली ती गाडीत आडवी. कपाशी फुटली होती तेव्हा. एवढंच. त्याच्यावर जास्त लिहिण्यासारखं माझ्याकडं नाही.

डेअरीची सदस्य ती होती. दूध ती घालायची, गाईच्या खुराकाची ढेप तिच्या नावावर यायची, गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा नंबर तिला पाठ होता. मी मिलमध्ये पोती वाहिली जन्मभर, गुरांचं मला जमत नाही. ती गेल्यावर मी गाय विकून टाकली आणि दाखला नेऊन गावात डेअरीसाठी दूध घेणाऱ्याला दिला. त्यानं मोबाईलवर फोटो काढला, धुळ्याच्या ऑफिसला पाठवला. माझ्या मते ते तिथं संपलं होतं.

ते संपलं नव्हतं. धाकटी आणि मी दूध घेणाऱ्याकडं गेलो तेव्हा त्यानं यंत्रात पाहिलं आणि डोकं खाजवलं. "नाना, नवीन सिस्टीम आली आहे. आधी माझ्याकडं दोन सोनगीरवाल्या दिसायच्या. आता एकच दिसते. आणि ती वारली आहे."

"दोन लिही मग," धाकटी म्हणाली.

"मला लिहिता येत नाही आता. ते वरून होतं. धुळ्याला जा. नाना, तुम्हीपण जा, दाखला तुम्ही दिलेला आहे, फोनपण तुमचाच लावलेला आहे."

फोनचं खरं होतं. धाकटीकडं फोन नव्हता. डॉक्टरला बोलवायचं झालं की ती आमच्या ओट्यावर यायची आणि आमच्या फोनवरून बोलायची. किंवा माझी बायकोच तिच्यासाठी बोलायची.

गाय तिची दिवस भरलेली. मागच्या खेपेला वासरू आडवं आलं होतं आणि डेअरीच्या डॉक्टरनं हात घालून सरळ केलं होतं, नाहीतर दोन्ही जीव गेले असते. अमळनेरचा एक खासगी डॉक्टर आहे, पण तो त्याच्या सवडीनं येतो, आणि गाय काही त्याची सवड बघून वेत नाही. म्हणून धाकटीला घाई होती. मला कसलीच घाई नव्हती. मी गेलो कारण घरी बसून तरी काय करणार होतो.

फाट्यावर धुळ्याची बस धरली. कंडक्टर आला. माझं वय झाल्यामुळं मला फुकट, बायकांना अर्धं. त्यानं माझं कार्ड पाहिलं आणि तिला विचारलं, "आजी, तुमचं?"

"मी मयत शे," ती म्हणाली. "मयताचं कितलं तिकीट?"

कंडक्टर माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, "दे तिला अर्धं, मुकाट्यानं." अर्धी बस हसत होती. मागून कुणीतरी म्हणालं की आजी, खिडकीत बसू नका, लोक घाबरतील. तिला ते आवडलं. धुळ्यापर्यंत तिनं बाजूच्या बाईला सगळी हकिकत सांगितली आणि प्रत्येक वेळी हकिकतीत मी जरा जास्त वाईट होत गेलो. मी बाहेर बघत होतो. हा रस्ता शेवटचा गेलो होतो तेव्हा बायको गाडीत होती.

ऑफिस आग्रा रोडवर, वरच्या मजल्यावर. आत इतकं गार होतं की धाकटीनं पदर दोन्ही खांद्यांवर घेतला. आमच्याकडं एक मुलगी आली. मला वाटलं पुण्या-मुंबईची असेल, पण ती शिरपूरची निघाली. धाकटीचं पहिलंच वाक्य ऐकून तिनं अहिराणीत उत्तर दिलं. धाकटीनं ताबडतोब विचारलं, कुणाची ग तू, आणि मामाचं गाव कोणतं. मुलीनं सांगितलं. मग मी धाकटीला कसं मारलं ते तिनं मुलीला सांगितलं.

मुलीनं सगळं ऐकून घेतलं. मध्ये बोलली नाही. मग म्हणाली, "आजी, चूक आमचीच आहे. कशी झाली ते दाखवते. आजोबा, तुम्हीपण बघा."

तिनं मोठा पडदा आमच्याकडं वळवला. त्यावर गोल होते. गोलांना जोडणाऱ्या रेघा होत्या. माश्या बसाव्यात तसे गोल, आणि रेघा तर मोजता येणार नाहीत इतक्या.

"याला आम्ही नॉलेज ग्राफ म्हणतो," ती म्हणाली. "जाळं समजा. आधी डेअरीत दुधाची नोंद वेगळी, ढेपेची वेगळी, डॉक्टरची वेगळी. एका ठिकाणचं दुसऱ्याला माहीत नसायचं. डॉक्टर गाईजवळ यायचा तेव्हा तिला आधी काय झालं होतं ते त्याला कळायचं नाही. आता आम्ही सगळं एकमेकांना जोडतोय. हा गोल म्हणजे माणूस. हा गाय. हा गाव. आणि रेघ म्हणजे त्यांचं नातं. नुसती रेघ चालत नाही, तिचा अर्थ लिहावा लागतो. ही म्हणजे 'ची मालकीण'. ही 'इथं राहते'. ही 'यांनी फोन केला'."

"आणि मी मेली ती कोणती?" धाकटी.

"ही." तिनं एका रेघेवर बोट ठेवलं. "हिचा अर्थ 'ही दोघं एकच'. एकाच माणसाचं नाव एका ठिकाणी पूर्ण लिहिलेलं असतं, दुसऱ्या ठिकाणी अर्धं. ती जुळवायची असतात. यंत्रानं पाहिलं, दोन्हीकडं नाव सोनगीरवाली, गाव एक, फोन एक. त्यानं ठरवलं ही एकच बाई. मग आजोबांचा दाखला आला."

मी म्हटलं, "सोनगीरवाली हे काय नाव आहे का?"

"तुमच्या दूध घेणाऱ्यानं नावाच्या जागी तेच लिहिलं होतं. आम्हीही ते नाव धरून चाललो. ते गाव आहे हे यंत्राला कुणी सांगितलंच नाही. सोनगीर गाव म्हणून वेगळा गोल आहे आमच्याकडं, तिथूनही दूध येतं. पण 'माहेर' अशी रेघ नव्हती. आता ठेवावी लागेल. तुमच्या भागात अशा किती बायका एकत्र झाल्या असतील, देव जाणे."

"पारोळेवाल्या तीन शेतस आमच्या गल्लीत," धाकटी म्हणाली. मुलीनं ते लिहून घेतलं.

दोघींना वेगळं करायचं काम यंत्र करू शकत नव्हतं. एकत्र झाल्यावर सगळं मिसळलं होतं. गाई, ढेपेची पोती, डॉक्टरच्या खेपा, आणि फोन. डॉक्टरच्या लाइनवर केलेला प्रत्येक फोन भरून ठेवलेला असतो हे मला माहीत नव्हतं. लावताना बाई सांगते म्हणे तसं. मी कधी ऐकलं नाही, फोन बायको लावायची.

गाई सोप्या गेल्या, कानातल्या बिल्ल्यांवरून. ढेप पण निघाली. राहिले फोन.

मुलगी म्हणाली, "आजोबा, आधी एक सांगते, मग ठरवा. मयत सदस्याचे फोन आम्ही ठेवत नाही. नियम आहे. दोघी एक होत्या म्हणून हे तसेच पडून राहिले. आता जे आजींच्या अक्कांचे निघतील ते पुसले जातील. जे या आजींचे ते राहतील. तुम्ही तयार असाल तर ऐकवते, आणि कोणता कुणाचा ते तुम्ही सांगा. नाहीतर मी माझ्या परीनं लावून टाकते, तुम्हाला ऐकावं लागणार नाही."

मला ते नीट कळायला वेळ लागला. बायकोचा आवाज तिथं होता. मी तो ओळखायचा, आणि ओळखला की तो जाणार.

धाकटीचा आवाज खाली आला. आल्यापासून पहिल्यांदाच. मग म्हणाली, "दाजी, नका ऐकू. ती लावू दे."

मी म्हटलं, "चालू कर."

मुलीनं मला कानावर घालायचं दिलं होतं, पण धाकटीला पण ऐकायचं होतं, म्हणून तिनं आवाज बाहेर सोडला. आधी खरखर. मग—

"हॅलो! मी सोनगीरवाली बोलस!"

माझी बायको फोनवर ओरडायची. धुळं लांब आहे म्हणून मोठ्यानं बोलावं लागतं अशी तिची समजूत होती. मी कितीदा तरी सांगितलं की मुंबईला पण हळू बोललेलं जातं. ती म्हणायची, तुमच्या मुंबईला जात असेल.

"ताई, नाव सांगा," पलीकडचा माणूस म्हणत होता.

"सांगं ना भाऊ, सोनगीरवाली. बठ्ठा गाव वळखस."

"पूर्ण नाव सांगा ताई."

"पूर्णच शे हाई."

शिरपूरची मुलगी हसली आणि लगेच तिनं माझ्याकडं बघून हसू आवरलं. मी म्हटलं, "हस. ती होतीच तशी." आणि म्हटलं, "ही माझी." मुलीनं काहीतरी दाबलं. पडद्यावर एक बारीक गोल एका बाजूला सरकला.

असे एकामागून एक. एकात सकाळपासून गाय चारा खात नाही. एकात डॉक्टर आला नाही म्हणून शिव्या. एकात डॉक्टर येऊन गेला म्हणून त्या माणसाला आशीर्वाद आणि तुझं लग्न झालं का अशी चौकशी. एकात मागून माझा खोकला ऐकू आला. ती पलीकडच्याला सांगत होती, "घरमां मानूस शे, पन त्याले फोन लावता येत नही. मिलमां पोतं उचलस, बटन दाबता येत नही." धाकटी हसली. मी पण हसलो असेन, कारण मुलगी माझ्याकडं जरा बरं वाटून बघत होती. "माझी," मी म्हटलं. तो पण सरकला.

मग एक आला. बाई हळू बोलत होती. रडून रडून आवाज बसल्यासारखा. वासरू गेलं म्हणत होती. दूध उतरत नाही, कासेला हात लावू देत नाही, काय करू. मला आठवलं, आमचं पण एक वासरू गेलं होतं, आणि तेव्हा बायको दोन दिवस कुणाशी बोलली नव्हती. मी म्हटलं, "ही माझी."

"नाही दाजी," धाकटी म्हणाली. "मी शे ती."

"तिचा आवाज मला कळत नाही का?"

"मन्हा आवाज माले कळत नही का?"

मी हट्टाला पेटलो. मी म्हटलं की वर्षानुवर्षं एका घरात राहिलो, अंधारात खोकली तरी मी ओळखायचो, तू मला सांगते? मुलीनं पुन्हा लावला. मी पुन्हा म्हटलं माझी. पुन्हा लावला. शेवटी त्यात गाईचं शिंग मोडल्याचं निघालं. मोडक्या शिंगाची गाय धाकटीची. गावात सगळ्यांना माहीत आहे.

मी पाणी मागितलं. पाणी प्यायलो.

नंतर विचार केला तेव्हा वाटलं, एका गावच्या दोघी, एकच बोलणं, एकच हेल, फोनवर आवाज बारीक होतो, होऊ शकतं. पण तेव्हा तसं काही वाटलं नाही. तेव्हा एवढंच वाटलं की जो आवाज आता पुसला जायचा तो मला ओळखताच येत नसेल तर मी इथं बसलोय कशाला. त्याच्यानंतरच्या प्रत्येक फोनला मी आधी धाकटीकडं बघायचो. ती मान हलवायची, हो किंवा नाही. मग मी बोलायचो.

पडद्यावर हळूहळू दोन गठ्ठे झाले. एका बाजूला धाकटी, तिच्याभोवती गाय, सुरतचा मुलगा, ढेप, डॉक्टर. दुसऱ्या बाजूला माझी बायको, तिचे फोन, विकलेली गाय. आणि एक गोल कडेला जाऊन एकटाच उभा होता. त्याला एकच बारीक रेघ होती.

"तो कोण?" मी विचारलं.

"तुम्ही आजोबा. तुम्ही सदस्य नाही ना. तुम्ही अक्कांचे पती म्हणून जोडलेले होता. आता त्यांचं खातं बंद होईल, म्हणून तुम्ही बाजूला गेलात. ही रेघ फोन नंबरची आहे."

"असू दे," मी म्हटलं.

"या आजींचं आणि तुमचं नातं काय लावू? पुढं फोन तुमच्याच नंबरवरून येणार असेल तर काहीतरी लागेल. नाहीतर यंत्र पुन्हा गोंधळेल."

"दाजी लिख," धाकटी म्हणाली.

मुलीनं यादी पाहिली. पती, पत्नी, मुलगा, मुलगी, सून, वारस, असं बरंच होतं. "दाजी नाही. आणि दाजी अक्कांकडून येणार ना, मध्ये अक्का लागणार. तो गोल तर बंद होतोय." ती विचार करत होती, मनापासून करत होती. "शेजारी असं पण नाहीये. नवीन प्रकार टाकायचा तर वर विचारावं लागतं. मी विचारते. आज कोरं ठेवू?"

"ठेव कोरं," मी म्हटलं. धाकटीनं पदर पुन्हा खांद्यावर ओढला.

एक फोन राहिला होता. मुलगी म्हणाली हा तिनं मुद्दाम शेवटी ठेवला, कारण यात दोन बायका बोलतायत.

तो त्या दिवसाचा होता, धाकटीच्या गाईचं वासरू आडवं आलं त्या दिवसाचा. माझी बायको ओरडत होती, "लवकर धाडा, भाऊ, पाय एकच दिसस!" मागं धाकटी रडत होती, देवांची नावं घेत होती. पलीकडचा माणूस गाईचा नंबर विचारत होता. बायको धाकटीला म्हणाली, "नंबर सांग." धाकटी नुसती रडत होती. मग बायको फोनमध्ये म्हणाली, "भाऊ, दोन डॉक्टर धाडा. एक गाईले, एक हाई बाईले." आणि मग फोन बाजूला धरून, जरा हळू, "उगी, उगी ना. मी शे ना आठे, तुन्हाजवळ."

तेवढं ती हळू बोलली होती.

बाजूच्या टेबलावरचा एक पोरगा आमच्याकडं बघत होता, मग त्यानं मान खाली घातली.

"हा कुणाचा लावायचा?" मी विचारलं. मला माहीत होतं कुणाचा लागणार. फोन तिनं लावला होता. नंबर आमचा, ओरडणं तिचं. तिचं ते तिचं, दुसऱ्याच्या नावावर मी का लावू? आणि तिच्या नावावर लागला की गेला.

मुलीनं घाई केली नाही. "आजोबा, फोन अक्कांनी केला. ती रेघ मी मारणारच, ती खरी आहे. पण फोन कशाबद्दल होता? गाय कुणाची?"

"हिची."

"मग फोन त्या गाईच्या आजारपणाचा. तिच्या कागदात तो असायलाच हवा. उद्या डॉक्टर गेला तर त्याला कळलं पाहिजे की मागच्या वेळी वासरू आडवं होतं. ठेवायचा की पुसायचा हे बोलणाऱ्यावर ठरत नाही, गाईवर ठरतं. म्हणजे हा राहतो."

"माझ्यासाठी म्हणून करू नकोस," मी म्हटलं.

"तुमच्यासाठी नाही करत. बाकीचे पुसतेय ना."

धाकटीनं विचारलं की मग हा दाजींच्या मोबाईलमध्ये भरून देता येतो का. मुलगी म्हणाली बाहेर द्यायची परवानगी नाही, अर्ज करा, वरचे लोक बघतील. मी म्हटलं, अर्ज करत नाही. अजून केला नाही. तिथं धुळ्यात कुठल्यातरी डब्यात ती उगी, उगी म्हणते आहे, आणि ते ऐकायला मला सही करून परवानगी मागायची नाही. पण त्या दिवशी मी तिला म्हटलं, बाकीचे पुसण्याआधी हा एकदा अजून लाव. तिनं लावला. मग मी म्हटलं, "कर आता."

तिनं केलं. काही आवाज झाला नाही. बायकोभोवतीचे बारीक गोल गेले, आणि तिचा गोल फिका झाला. गाईकडं जाणारी एक रेघ तेवढी राहिली. धाकटीचा गोल हिरवा झाला.

"झाली जित्ती?" धाकटीनं विचारलं.

"झाल्या आजी."

"मग लाव फोन डॉक्टरले, बघू देस का मान."

मुलीनं तिथूनच फोन लावून दिला. पलीकडून तिला नाव विचारलं. धाकटीनं पहिल्यांदा आयुष्यात स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, नवऱ्याच्या नावासकट. नवऱ्याचं नाव घेताना लाजली, या वयात.

परतीच्या बसमध्ये ती झोपली. मी बाहेर बघत बसलो.

गाय आठवड्याच्या आत व्यायली, दुपारी. मी माझ्या घरात होतो. धाकटी फोनसाठी आली, बोलली, फोन परत दिला आणि पळाली. जीप आली, डॉक्टर उतरला, हातात मोबाईल होता आणि त्यात बघत बघत गोठ्यात गेला. या वेळी वासरू सरळ आलं. कालवड झाली. मी भिंतीवरून बघितलं. आत गेलो नाही. बायको असती तर ती आत असती, आणि मी तिच्यामुळं आत असतो, पाणी तापवत, शिव्या खात. एकट्यानं त्या घरात जायचं म्हणजे कोण म्हणून जायचं ते मला कळेना.

तीन-चार दिवसांनी धाकटीनं खरवस आणून दिला. वाटी ओट्यावर ठेवली, "खा, थंड व्हस," म्हणाली आणि गेली, तिला कालवडीची घाई होती. गूळ जास्त झाला होता. मी सगळा खाल्ला. एकट्यासाठी भाकरी टाकायची म्हटलं की मी दोन दिवसांच्या टाकतो आणि वाळक्या खातो, त्यामुळं कुणी केलेलं गरम काही पोटात गेलं की झोप येते. झोपलो.

उठल्यावर वाटी घासली. स्टीलची, तळाला तिच्या सासऱ्याचं नाव कोरलेलं. ती परत द्यायची होती. आणि रिकामी वाटी परत देत नाहीत. हे मला माहीत होतं, पण मी ते कधी केलेलं नव्हतं. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीवरून वाट्या जायच्या-यायच्या, काय घालून जायच्या ते मी कधी बघितलं नाही. मी डबे उघडत बसलो. एकात मेथीदाणे, त्याला जाळी लागलेली. एकात साखर, मुंग्या. एकात काय आहे ते कळेना, चाखून पाहिलं तर सोडा. बायकोच्या हाताची चिठ्ठी नाही की खूण नाही, तिला लिहिता येत नव्हतं, तिच्या हाताला कळायचं. शेवटी तळाच्या डब्यात तुरीची डाळ सापडली, चांगली होती. वाटी भरली. जास्त वाटली, थोडी काढली. मग कमी वाटली.

टोपी घातली आणि भिंतीवरून न देता दारानं गेलो. ती गोठ्यात होती. कालवडीला तोंडाशी बोट देऊन चोखायला शिकवत होती. वाटी बघून म्हणाली, "हाई काय?"

"डाळ आहे."

"डाळ कोन देस खरवसनी वाटीमां?"

"मला काय माहीत काय देतात," मी म्हटलं. "घे नाहीतर ओत गाईपुढं."

ती हसली. वाटी घेतली, डाळ पदरात ओतली. मग म्हणाली की आलाच आहात तर हिला जरा धरा, मी दूध काढते. मी म्हटलं मला गुरांचं जमत नाही. ती म्हणाली, जमत नाही ते माहीत आहे, नुसतं धरा. मी कालवडीच्या गळ्यात हात घातला. तोंड दुधानं ओलं, आणि ताकदीची. ओढून ओढून तिनं माझं धोतर खराब केलं. धाकटी गाईखाली बसली, आणि दूध बादलीत पडायला लागलं.